सासूचा माग

माझ्या नवऱ्याने एकवीस वर्षांत माझ्या आईचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि नदीकाठची सगळी माणसं म्हणायची, जावई असावा तर असा.

गोऱ्यांना हे कधी कळलं नाही. त्यांच्यात जावई सासूशेजारी बसून चहा पितो आणि ती उठून गेली की तिची नक्कल करतो. पोलीस ठाण्यावरच्या साहेबाची सासू सिडनीहून आली होती, तेव्हा मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्यात असलं चालत नाही. ज्या बाईने तुला आपली लेक दिली, तिच्यासमोर उभं राहायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्या पावलावर पाऊल टाकायचं नाही. तिनेही जावई दिसला की डोक्यावरून कांबळं ओढायचं आणि त्याच्याकडे पाठ करून दूर निघून जायचं. यात भांडण नसतं, मान असतो. आणि मानाचा त्रास कुणाला, तर मधल्या बायकोला.

आईचं नाव मीही आता घेणार नाही. ती गेली, आणि गेलेल्यांना नावाने हाक मारून त्रास द्यायचा नसतो. नवऱ्याचं नाव विरिन. तो अजून आहे. समोर बसून काठी तासतोय आणि ऐकत नसल्याचं सोंग करतोय.

आईची चूल आमच्या चुलीपासून चाळीस पावलांवर होती, मध्ये झुडपांचा आडोसा. विरिनने कांगारू मारून आणला की शेपटाचा चांगला तुकडा आडोशाला लटकवायचा आणि मला म्हणायचा, "तुझ्या आईला सांग, मांस आहे." आई पलीकडून सगळं ऐकत असायची, तरी मी उठून जाऊन सांगायचं. मग आई म्हणायची, "त्याला सांग, मागच्या वेळी करपवलं होतं." ते विरिनने ऐकलेलं असायचं, तरी मी परत यायचं आणि सांगायचं.

"मी काय तुमची टपालगाडी आहे का?" मी एकदा चिडून म्हटलं.

"टपालगाडी लुटतात," विरिन म्हणाला. "तुला कोण लुटणार?"

विरिन तेव्हा सहा वर्षं पोलिसांकडे माग काढायला होता. त्यांनी त्याला निळा कोट दिला, टोपी दिली आणि बूट दिले. बूट त्याने झाडाला टांगून ठेवले. पायाला जमीन लागली नाही तर माग काढणार कसा? पोलिसांनी आमच्या लोकांचं काय केलं ते आम्ही विसरलेलो नाही, विसरणारही नाही. म्हणूनच विरिनने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की गोरा चोर दाखवा, हरवलेली गुरं दाखवा, पण आपल्या माणसाच्या मागावर मी जाणार नाही. साहेबाने मान डोलावली. तो शब्दाला बरा होता. हॅलोवे त्याचं नाव. उन्हाने त्याचं तोंड असं लाल व्हायचं की आम्ही सगळे त्याला झिंगा म्हणायचो, नदीतला झिंगा उकडल्यावर होतो तसा.

त्या वर्षी पाऊस नव्हता. झिंगा साहेब ट्रेगर नावाच्या दोन भावांच्या मागे होता. त्यांनी टपालगाडी अडवली होती आणि एका शिपायाच्या मांडीत गोळी घातली होती. महिनाभर ते सापडत नव्हते. मग एका सकाळी माझी मावशी धापा टाकत ठाण्यावर आली. ती आणि आई नदीच्या वरच्या अंगाला कंद खणत होत्या. दोन घोडेस्वार आले. थोरल्याने विचारलं, पश्चिमेच्या खडकाळ रानात पाणी कुठे कुठे आहे? मावशीला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, आणि तिला खोटं नीट बोलता यायचं नाही. त्यांनी तिच्या मनगटाला चामड्याचा पट्टा बांधला आणि तिला घोड्यांपुढे चालवत घेऊन गेले.

"छान," साहेब म्हणाला. "म्हातारी बरोबर आहे म्हणजे ते हळू जातील."

मला त्याचं ते लाल तोंड ओरबाडावंसं वाटलं. पाणी सापडलं की म्हातारी त्यांच्या काय कामाची? आणि नाही सापडलं तर? दोन्हीकडून एकच उत्तर येत होतं. आई साठीची होती, आणि मला तिच्याशिवाय आणि मावशीशिवाय मागचं कुणी नव्हतं.

विरिनने कोट चढवला आणि म्हणाला, "साहेब, हिला बरोबर घ्यायचं."

"बायको? ही काय जत्रा आहे?"

"म्हातारी भेटली तर तिच्याशी बोलणार कोण?"

"तू बोल."

दोन्ही शिपाई हसले. विरिन हसला नाही. "साहेब, तुमच्या राणीसमोर तुम्ही नागडे जाल का?" त्याने विचारलं.

साहेबाचं तोंड आणखी लाल झालं, पण मला घेतलं.

कंद खणायच्या जागी आम्ही पोचलो तेव्हा माग उघडा पडला होता. नालांचे दोन घोडे आणि पुढे माझ्या आईचे पाय. विरिनने एकदा बघितलं आणि तो वीस पावलं बाजूला झाला. तिथून, मागाला समांतर, मान थोडी वळवून चालायला लागला. साहेब घोड्यावरून ओरडला, "अरे, ते इकडून गेलेत. तू तिकडे काय करतोयस?"

"इथून दिसतं."

"मागावरून चाल."

"मागावरून नाही चालता येत, साहेब. मागात बाई आहेत."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगितलं. त्याला वाटलं, विरिनचं सासूशी वाकडं आहे. शिपायांनाही तेच वाटलं. एक म्हणाला, "माझंही आहे, पण मी असा तिरका चालत नाही." दिवसभर त्यांचं हेच चाललं होतं. विरिन पुढे तिरका चालत होता आणि मी त्याच्या मागे.

दुसऱ्या दिवशी खडक लागला. दोन कोस नुसता तापलेला दगड. त्यात ट्रेगर हुशार. घोड्यांच्या खुरांना मेंढीचं कातडं गुंडाळलेलं. नालांची खूण कुठेच नाही. साहेब उतरला, गुडघ्यावर बसला, दगडाला नाक लावलं, आणि उठून म्हणाला, "संपलं."

विरिन तसाच चालत होता.

"घोडे कुठे दिसतायत तुला?" साहेबाने विचारलं.

"घोडे नाही दिसत. बाई दिसतात."

मी जाऊन बघितलं. मला काही दिसेना, आणि मी तिच्या पोटची. विरिन लांबूनच काठीने दाखवायला लागला. इथे खडा उलटलाय, त्याची खालची बाजू अजून काळपट आहे. इथे दगडफूल चुरडलंय. उजवा पाय बाहेर टाकतात, लहानपणी अंगठा मोडला होता म्हणून. "इथे बसल्या होत्या. इथे उठल्या. इथे रागावलेल्या आहेत."

"दगडावर राग दिसतो?" मी म्हटलं.

"रागावल्या की टाच आधी टेकवतात. मग खडी मागे उडते."

माझी आई कधी रागावते ते मला ती भांडं आदळेपर्यंत कळायचं नाही. याने तिला पाहिलेलंच नव्हतं आणि याला कळत होतं. नंतर माझ्या लक्षात आलं, ज्या माणसाला चुकवायचं असतं त्याचा माग आधी पाठ करावा लागतो. एकवीस वर्षं रोज सकाळी हा उठून हेच वाचत होता: बाई कुठे गेल्या, म्हणजे मी कुठे जायचं नाही. अख्ख्या मुलखात तो तेवढा एक माग सगळ्यात चांगला जाणत होता.

दुपारी तो थांबला आणि हसला. इतका वेळ त्याचं तोंड दगडासारखं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुझ्या आईने त्यांना टेकडीला वळसा घालून आणलंय. मोठं पाणी टेकडीपलीकडे राहिलं. ही त्यांना थेंब थेंब पाजतेय. घोडे मरायला टेकलेत."

मला रडू आलं आणि हसूही आलं. माझी आई. जिला खोटं बोलता येत नव्हतं, ती पायाने खोटं बोलत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक ओलसर खड्डा लागला. ट्रेगरांनी त्यातलं सगळं पाणी उपसून नेलेलं, नुसता चिखल उरलेला. एका बाजूला चांगला कोरडा दगड होता, दोघा भावांचे बूट त्यावरून गेलेले. आई मात्र मधोमध चिखलातून गेली होती. सहा पावलं, पूर्ण, बोटांसकट, जणू कुणी दाबून काढलेली. प्रत्येक पावलाशेजारी काठीचं एक भोक. फक्त शेवटच्याशेजारी दोन भोकं जवळ जवळ, आणि त्यांच्यापुढे काठीने ओढलेली रेघ, उत्तरेकडे.

विरिन मटकन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आता काय झालं याला?" साहेब म्हणाला.

आमच्यात सासू जावयाला हाक मारत नाही. मेली तरी मारत नाही. आणि आईने मारली होती. तिला माहीत होतं पोलीस येतील, पुढे कोण असेल हेही माहीत होतं, आणि चिखल वाचणारा तो एकटाच आहे हेही. विरिनला लाज वाटत होती, त्याच्या कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ती म्हणतेय दोघंच आहेत, आणि उत्तरेच्या घळीत जातायत," मी म्हटलं.

"मला वाचता येतं," तो म्हणाला. "तू सांग, म्हणजे निरोप तुझ्याकडून आला असं होईल."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग तो उठला.

घळीच्या कडेवर आम्ही पोटावर सरपटत गेलो. खाली वाळूचं कोरडं पात्र. एक घोडा आडवा पडलेला, दुसरा मान टाकून उभा. दोघे भाऊ खडकाच्या सावलीत, बंदुका मांडीवर, तोंडं पात्राकडे. आणि त्यांच्यापुढे चार हातांच्या अंतरावर माझी आई गुडघ्यावर बसून काठीने वाळू उपसत होती. पट्टा सोडलेला होता, कारण बांधलेल्या हाताने खणता येत नाही. ती किती लहान दिसत होती.

साहेबाने शिपायांना खुणेनं बंदुका लावायला सांगितलं.

"साहेब, माझी आई आहे मध्ये," मी म्हटलं.

"दिसतेय. पण पाणी लागलं की त्यांच्या अंगात जोर येईल, आणि मग ते तिला पुढे धरतील. मला आत्ताच काय ते करायला हवं." तो वाईट माणूस नव्हता. "हाक मारून तिला बाजूला करता येईल का?"

"हाक मारली तर ते दोघंही ऐकतील."

विरिनने कोट काढला. टोपी काढली. मला बाजूला ओढून म्हणाला, "ते बसलेत त्या खडकाच्या माथ्यावर मी जातो. त्यांच्या पाठीमागे. तुझ्या आईचं तोंड तिकडेच आहे."

"मग?"

"मी उभा राहतो."

मला क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा मी त्याचा हात धरला.

"ती माझ्यापासून लांब जाईल," तो म्हणाला. "माझ्या बरोबर उलट बाजूला जाईल. एकवीस वर्षं जातेय. आणि उलट बाजूला तो मोठा धोंडा आहे."

"मुद्दाम तिच्यासमोर उभा राहशील?"

"नंतर तू तिला सांग, मुद्दाम उभा राहिलो. जी शिक्षा असेल ती घेईन." आणि तो गेला.

मी साहेबाची बाही धरून ठेवली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग समोरच्या खडकाच्या माथ्यावर विरिन उभा राहिला. उघडा, भर उन्हात, हात बाजूला सोडून. थोरल्या ट्रेगरने मागे नुसती मान वळवली असती तरी विरिन मेला असता.

आईने घाम पुसायला मान वर केली. आणि तिने त्याला बघितलं.

तिने काठी खाली ठेवली. कांबळं डोक्यावरून पुढे ओढलं, उठली, पाठ फिरवली आणि कुठल्याही सासूने जावं तशी, वाकून, भरभर, धोंड्याकडे निघाली.

"ए, म्हातारी कुठे चालली?" थोरला म्हणाला. घळीत आवाज घुमत होता, आम्हाला शब्द न् शब्द ऐकू आला.

"जाऊ दे रे," धाकटा म्हणाला. "बायकांचं काही असेल. पळून कुठे जाणार?"

ती धोंड्यामागे गेली आणि साहेब ओरडला. एकच गोळी सुटली, ती त्यांच्या किटलीला लागली. दोन दिवस धड पाणी न मिळालेली माणसं काय लढणार? थोरल्याने बंदूक टाकली. धाकटा वाळूत बसून रडायला लागला, म्हणाला, आधी पाणी द्या, मग काय ते करा.

मी धोंड्यामागे धावले. आई बसली होती, पायांच्या भेगांतून रक्त, ओठ फुटलेले. मी तिला मिठी मारली. तिने मला बाजूला केलं.

"तो माझ्यासमोर उभा राहिला," ती म्हणाली.

"आई, त्याने तुझा जीव वाचवला."

"ते मला कळतं. मी काय वेडी आहे? पण उभा राहिला. झाडासारखा. त्याला सांग, असं करत नसतात."

"सांगते. मुद्दाम केलं म्हणालाय. शिक्षा दे म्हणालाय."

आईने थोडा विचार केला आणि खणायची काठी माझ्या हातात दिली. "दोन," ती म्हणाली.

विरिन पात्राच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, मान खाली घालून बसला होता. मी गेले आणि त्याच्या खांद्यावर दोन काठ्या मारल्या. पहिली आईची, जरा जोरात. दुसरी माझ्या हाताने आपोआप हळू पडली. शिपाई आ वासून बघत होते. ज्या माणसाने ट्रेगरांना पकडून दिलं, त्याला त्याचीच बायको वाळूत बसवून बडवत होती. विरिनने मोठा श्वास सोडला आणि त्याचे खांदे खाली आले. तीन दिवसांत तो पहिल्यांदा सुटा झाला.

आईला चालवत नव्हतं. शिपायांनी मागून ओढत आणलेला आपला घोडा विरिनने झाडाला बांधून ठेवला आणि स्वतः लांब पुढे निघून गेला. आई जन्मात घोड्यावर बसली नव्हती. मी आणि एका शिपायाने तिला चढवलं, तेव्हा ती त्या शिपायाला जे बोलली ते त्याला कळलं नाही हे बरं झालं. परतीचे तीन दिवस विरिन पुढे, इतका पुढे की ठिपका दिसावा. मागे एकदाही वळून बघितलं नाही.

झिंगा साहेबाने सिडनीला पत्र लिहिलं. त्याच्या बायकोने ते मला वाचून दाखवलं, कारण तिला वाटलं मला आनंद होईल. त्यात विरिनच्या डोळ्यांची आणि धाडसाची खूप तारीफ होती. शेवटी लिहिलं होतं, की या माणसाला त्या वृद्ध स्त्रीबद्दल मात्र कणभर माया नाही. तिचा जीव वाचल्यावर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही, परतीच्या वाटेवर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी ते आईला सांगितलं. आई इतकी हसली की तिच्या फुटलेल्या ओठातून परत रक्त आलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी विरिन मला हळूच म्हणाला, "तुला एक सांगू? मी उभा राहिलो ना, तेव्हा कांबळं ओढण्याआधी तुझी आई हसली."

"काहीतरीच."

"मी बघितलं. एवढंच बघितलं."

मी उठून आईकडे गेले आणि विचारलं. आई विस्तवात कंद पुरत होती. तिने वर बघितलं नाही.

"डोळ्यांवर ऊन होतं," ती म्हणाली.

मी तिथेच बसले. तिने राख झटकली आणि आडोशाच्या दिशेने मान किंचित वळवली.

"तुझ्या लग्नाआधी मी त्याला बघितला होता, तेव्हा केस काळेभोर होते गं," ती म्हणाली. "आता सगळा पांढरा झालाय. आणि बरगड्या मोजता येतायत त्याच्या. त्याला चरबीचं मांस घालत जा. माझ्यासाठी नको लटकवत जाऊ म्हणावं."

मी हे विरिनला जाऊन सांगितलं, शब्द न् शब्द. त्याने ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी सगळ्यात चरबीचा तुकडा आडोशाला लटकवला.